रखमाजीची पिपाणी

कोल्हारच्या स्टँडसमोरच्या स्पीडब्रेकरवरून रखमाजी पगारेंची गाडी गेली, की चहाच्या टपरीवरची माणसं मान न वळवता म्हणायची, "आली पिपाणी."

गाडी काळी, लांब नाकाची, जर्मन बनावटीची. कोण्या काळी अख्ख्या तालुक्यात तशी दुसरी नव्हती. आता तिला वीस वर्षं उलटून गेली होती. इंजिन अजूनही असं चालायचं, की बाहेर उभ्या माणसाला ती चालू आहे की बंद हे कळू नये. पण पुढची चाकं खड्ड्यात उतरली की खालून कुठून तरी बारीक, लांबलचक, कानात घुसणारा आवाज यायचा. कुईंऽऽ. चाक वर आलं की पुन्हा एकदा, थोडा खालच्या पट्टीत. आणि नगर-मनमाड रस्त्यावर खड्डे शोधत फिरावं लागत नाही.

रखमाजींची साठी उलटली होती. उंच, ताठ खांद्यांचा माणूस. तरुणपणी आप्पासाहेबांच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागले, मग ड्रायव्हर झाले. आप्पासाहेबांचा धंदा ट्रान्सपोर्टचा. ऊस, कांदा, सिमेंट, जे मिळेल ते त्यांचे ट्रक वाहायचे. धंदा वाढला तेव्हा त्यांनी ही काळी गाडी घेतली आणि ट्रकवरून रखमाजींना उतरवून तिच्या स्टेअरिंगवर बसवलं. तेव्हापासून मुंबई, नाशिक, हैदराबाद, लेकीच्या सासरी, दवाखान्यात, सगळीकडे आप्पासाहेब मागे डावीकडे आणि रखमाजी पुढे. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरी टोपी. लग्नाला गेलं की साहेबांना मुख्य दारात उतरवायचं आणि गाडी मागच्या बाजूला, आचाऱ्यांच्या चुलीपाशी नेऊन लावायची. जेवणाचं ताट तिथंच यायचं. कधी यायचं, कधी यायचं नाही.

शेवटची दोन-तीन वर्षं आप्पासाहेब घराबाहेर पडले नाहीत. त्यांचा मुलगा श्रीमंत याने नव्या उंच पांढऱ्या गाड्या आणल्या आणि काळी गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. रखमाजी येताजाता ती चालू करायचे, थोडी पुढेमागे घ्यायचे, म्हणजे चाकं बसायला नकोत. एक दिवस आप्पासाहेबांनी त्यांना खाटेजवळ बोलावलं आणि सांगितलं, की गाडी तुझ्या नावावर करायला सांगितली आहे. रखमाजींना वाटलं, म्हातारपणाचं बोलणं असेल. पण आप्पासाहेबांनी ते खरंच करून टाकलं होतं.

"ती तू चालवलीस," ते म्हणाले. "मी नुसता बसून राह्यलो."

त्यानंतर काही आठवड्यांत ते गेले.

रखमाजींनी गाडी घरी आणली तेव्हा पहिलं काम हे केलं, की डॅशबोर्डवरचा गणपती अलगद सोडवून आप्पासाहेबांच्या पत्नी रतनबाई यांच्या हातात नेऊन दिला. मग त्या जागी बुद्धाची बोटभर उंचीची मूर्ती बसवली. त्यांची वस्ती गावाच्या कडेला, नदीच्या अंगाला. गल्ली अरुंद. गाडी आत घेताना दोन्ही बाजूंच्या घरांतली माणसं दारात येऊन उभी राहिली होती आणि रखमाजी आरशात बघत इंच इंच मागे येत होते. त्यांची बायको बनाबाई पायरीवर उभी राहून म्हणाली, "हिला ठिवायची कुठं? मलाच घराभाईर झोपावं लागंल."

पोटापाण्यासाठी ते एका शाळेची बस चालवत. काळी गाडी आठवड्यातून एकदा निघायची, बाजाराच्या दिवशी. पहिल्याच दिवशी रखमाजींनी सवयीने मागचं डावं दार उघडलं. बनाबाईने ते ढकलून लावलं.

"मी काय शेठानी हाय का? मी म्होरं बसनार. मागं बसून तुमची टाळू बघू काय?"

तेव्हापासून ती पुढे बसायची, मांडीवर पिशवी, काच खाली. मेथी, वांगी, सुकट घेऊन दोघं परत यायची. स्टँडवर आवाज झाला की टपरीवर हसू उसळायचं. पिपाणी हे नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण ते शाळेच्या पोरांपर्यंत गेलं. नुसत्या गाडीला हसत असते तर रखमाजींनी मनावर घेतलं नसतं. पण त्या हसण्यात आणखी काहीतरी होतं. साहेबाची गाडी ह्याच्या बुडाखाली कशी टिकेल, असं ते हसणं होतं, आणि ते त्यांना बरोबर ऐकू यायचं.

*

श्रीमंत त्यांच्या घरी आला तो एका सकाळी, शाळेची फेरी संपवून रखमाजी नुकतेच टेकले होते तेव्हा. तो आत आला नाही. गल्लीत, गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. चाळिशीतला, शिकलेला, बोलायला मऊ माणूस. लहानपणी रखमाजींनीच त्याला शाळेत सोडलं होतं. तरी घरच्या रिवाजाप्रमाणे तो त्यांना 'अरे-तुरे'च करायचा.

"रखमाजी, बाबांनी भावनेच्या भरात दिली गाडी. माझी तक्रार नाही. पण लोक मला बोलतात. बाबांची गाडी गावभर किंचाळत फिरते, आणि घरच्यांचं लक्ष नाही म्हणतात."

"गाडी माज्या नावावर हाय, दादा. तुमाला कोन कशाला बोलंल?"

"बोलतात. तू असं कर, ही मला दे. मी तुला कोरी छोटी गाडी घेऊन देतो. तुझ्या गल्लीत मावेल अशी. हिला मी काढून टाकतो, भंगारात म्हण हवं तर. बाबांचं नाव तरी असं रस्त्यावर यायचं नाही."

रखमाजींनी बॉनेटवरच्या त्याच्या हाताकडे पाहिलं. भंगार हा शब्द त्यांना लागला. गाडीसाठी लागलाच, पण त्याहून जास्त लागलं ते 'तुझ्या गल्लीत मावेल अशी' हे.

"गल्लीत मावली की ही," ते म्हणाले. "आनि आवाजाचं म्हनाल, तर तो मी बंद करतो. गाडी देनार न्हाई."

श्रीमंत हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "शोरूमवाल्यांना जमलं नाही तर तू काय करणार?"

"त्यांना जमलं का न्हाई ते अजून इचारलंच न्हाई मी."

ते विचारायला दुसऱ्याच आठवड्यात रखमाजी बनाबाईला घेऊन नगरला गेले. मोठं वर्कशॉप होतं, पांढरी फरशी, काचेची केबिन. तिथल्या तरुणाने गाडी फिरवून आणली, लिफ्टवर चढवली, खाली बॅटरी मारली आणि अदबीनेच सांगितलं, की पुढचं सगळं सस्पेन्शन बदलावं लागेल. आर्म, शॉकअब्सॉर्बर, सगळे जोड, दोन्ही बाजूंनी. या मॉडेलचे पार्ट बाहेरून मागवावे लागतील, कधी येतील ते सांगता येत नाही.

"पण आवाज कशाचा यतोय?" रखमाजींनी विचारलं.

"काका, इतकं जुनं झालं की सगळ्याचाच येतो. एकेक शोधत बसणं परवडत नाही. खरं सांगू, मालकांना म्हणावं, काढून टाका. त्यांचा नंबर द्या, मीच बोलतो."

"मालकच बोलतोय."

तो तरुण ओशाळला, माफी मागितली, चहा विचारला. रखमाजींनी चहा घेतला. पण येताना राहुरीपर्यंत ते प्रत्येक खड्डा चुकवत गाडी नेत राहिले. राहुरीच्या पुढे एका खड्ड्यात गाडी ओरडली तेव्हा बनाबाई म्हणाली, "सगळ्याचाच यतो म्हनं. माजं गुडघं दुखत्यात तर काय समदीच बदलायची का मला?"

रखमाजी त्या दिवसात पहिल्यांदा हसले.

*

बेलापूरच्या गहिनीनाथचं नाव त्यांच्या डोक्यात होतंच, पण ते टाळत होते, कारण गहिनीनाथ तोंडाचा फाटका होता. तरुणपणी पुण्यात परदेशी गाड्यांच्या गॅरेजात काम केलेला, मग भांडून गावी आलेला. आता ट्रॅक्टर आणि पिकअप दुरुस्त करायचा आणि येणाऱ्या प्रत्येकाला आपल्या हाताची कर्तबगारी ऐकवायचा. कोल्हार-बेलापूर रस्त्याला, उसाच्या फडाला लागून त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं.

गाडी आवारात शिरताना ओरडली, आणि ती थांबायच्या आत गहिनीनाथने निकाल देऊन टाकला. "शॉकअप गेलं. दोन्ही."

"शॉकअप न्हाई," रखमाजी खाली उतरत म्हणाले. "शॉकअप गेलं की गाडी डुलती. ही डुलत न्हाई, कुरकुरती."

"मेस्तरी तू का मी?"

"मेस्तरी तू. पन ह्या शिटावर माजी जिनगी गेली. डुलती का न्हाई ते मला कळतं."

दोघांची तिथंच जुंपली. गहिनीनाथने बॉनेटच्या कोपऱ्यावर अंगाचा भार टाकून गाडी दाबली आणि सोडली. ती एकदा वर आली आणि जागेवर बसली, हिंदकळली नाही. त्याने पुन्हा दाबली. कुईंऽऽ. पुन्हा बसली. शॉकअपचं नाव त्याने परत काढलं नाही.

"उजवीकडून येतोय," तो म्हणाला.

रखमाजींनाही इतके दिवस तेच वाटत होतं. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्याला उजवीकडचंच आधी ऐकू येतं. गहिनीनाथने गाडी खड्ड्यावर घेतली, म्हणजे गॅरेजच्या मधोमध खणलेल्या, खाली उतरून काम करायच्या चौकोनी चरावर. चाकं जमिनीवरच, गाडीचं वजन चाकांवरच. तो आत उतरला आणि वरून रखमाजी बॉनेट दाबू लागले. गहिनीनाथने लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक एकेका जोडाला लावलं आणि मूठ कानाशी धरली. लोखंडातून आवाज चालत येतो, हे त्याला पुण्यात शिकवलं होतं. उजवीकडे बॉल जॉइंट, आर्म, लिंक. मग डावीकडे. मग परत उजवीकडे. एवढ्या वेळात त्याने पुण्याची एकही बढाई मारली नाही, याचंच रखमाजींना नवल वाटलं.

"डावीकडं हाय," शेवटी तो म्हणाला. "मधल्या दांडीतून पलीकडं जातोय आवाज. बाटलीभर पानी दे."

रखमाजींनी प्यायच्या पाण्याची बाटली खाली दिली. पुढच्या चाकांच्या भागात लोखंडाला लोखंड घासू नये म्हणून जागोजागी रबराचे गट्टू असतात, त्यांना बुश म्हणतात. रबर सुकलं, फाटलं, की लोखंडावर घासून कुरकुरतं. आणि ओलं केलं की थोडा वेळ गप्प बसतं. गहिनीनाथने एकाच बुशवर पाणी ओतायचं आणि रखमाजींनी दाबायचं, असं चालू झालं. दोन्ही बाजू जोडणाऱ्या मधल्या दांडीचं रबर भिजवलं. आवाज तसाच. बॉल जॉइंट भिजवला. तसाच. डाव्या खालच्या आर्मचं पुढचं बुश भिजवलं. तसाच. मागचं भिजवलं.

रखमाजींनी दाबलं. काहीच आलं नाही. पुन्हा दाबलं. उसाची पानं वाऱ्याने सळसळत होती, तेवढाच आवाज.

"दाब की," खालून गहिनीनाथ ओरडला.

"दाबतोय."

दोघांनी वाट पाहिली. जेवले. ऊन तापलं, बुश वाळलं, आणि गाडी पुन्हा ओरडली. तेव्हा गहिनीनाथने मांडीवर थाप मारली. चोर एकच होता.

आर्म काढायला मात्र दुसरा अख्खा दिवस गेला. बोल्ट गंजून बुशच्या नळीला चिकटला होता. तेल सोडलं, गॅसच्या बत्तीने तापवलं, घण मारला, पान्याला पाइप जोडून दोघं लटकले. बोल्ट सुटला तेव्हा गहिनीनाथ चरात पाठीवर पडला आणि पडल्या पडल्या त्या बोल्टला शिव्या देत राहिला. बुश हातात आलं ते एका अंगाला फाटलेलं, पिळवटलेलं.

"हे मरून गेल्यालं न्हाई, मारल्यालं हाय," तो म्हणाला. "कुनी तरी गाडी जॅकवर, चाक लोंबतंय, आनि तसाच बोल्ट आवळला. रबर जिथं आवळशील तिथंच धरून बसतं. मग गाडी खाली आली की ते पिळलं. रोज पिळलं. किती सोसंल?"

रखमाजी ते बुश हातात फिरवत राहिले. मग खिशात टाकलं.

नवं बुश मिळवायचं काम त्यांच्या मुलाकडे गेलं. प्रवीण पुण्याला एका कारखान्यात नोकरीला होता. फोनवर तो नेहमीचंच बोलला, की विका ती गाडी, लोक हसतात, तुम्हाला कशाला हवाय हा ताप. रखमाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आर्मच्या मागल्या बुशचा फोटो पाठवतो. मिळालं तर आन, न्हाईतर मी यतो पुन्याला." शनिवारी प्रवीण एसटीतून उतरला तो खांद्याला पिशवी अडकवून. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या गल्लीत दोन रविवार फिरून त्याने डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंची बुशं आणली होती, शिवाय कुणी न सांगता मधल्या दांडीची रबरंही.

"दुकानदार म्हणाला एवढं केलं तर हेही करा," तो म्हणाला.

*

त्याच दिवसांत श्रीमंतचा निरोप आला. आप्पासाहेबांचं वर्षश्राद्ध होतं. मोठा मांडव, जेवणावळ, तालुक्यातले पाहुणे. घरापासून प्रवरेच्या पुलापर्यंत आप्पासाहेबांचा फोटो त्यांच्याच गाडीतून न्यायचा, असं ठरलं होतं. निरोप घेऊन स्वतः श्रीमंतच आला होता.

"गाडी आवाज करते, तेव्हा तिला ट्रकवर चढवू. हार घालू, बरं दिसेल. तू पांढऱ्या कपड्यात ये. टोपी आहे ना अजून?"

"टोपी हाय."

"मग झालं."

"गाडी ट्रकवर चढनार न्हाई, श्रीमंतराव," रखमाजी म्हणाले. आजवर ते त्याला दादा म्हणत आले होते. "चाकावर यील. आनि मी टोपी घालून यनार न्हाई. मला बोलवायचं आसंल तर पावना म्हनून बोलवा. मी आनि माजी बायको दोघं यऊ. फोटो आमच्या गाडीतून नेऊ, आनंदानं नेऊ. आप्पासाहेबांसाठी न्हाई म्हननार न्हाई मी."

श्रीमंतचा चेहरा उतरला. "रखमाजी, पाहुण्यांसमोर हा तमाशा करायचा आहे का तुला?"

"तमाशा कसला? जेवायला बोलवा म्हनतोय."

श्रीमंत पाठ फिरवून गल्लीबाहेर निघून गेला. बनाबाई आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "न्हाई बोलवलं तर?"

"तर न्हाई जायाचं."

पण बोलावणं आलं. ते रतनबाईंचं होतं. घरातल्या कामवालीच्या हाती सांगावा आला, की दोघांनी यायचं आणि जेवून जायचं.

गहिनीनाथने ट्रॅक्टरच्या वर्कशॉपातल्या प्रेसवर नवं बुश आर्ममध्ये दाबून बसवून आणलं. आर्म चढवला, बोल्ट नुसते हाताने लावले. रखमाजींना आता धीर निघत नव्हता. ते पाना घेऊन आवळायला वाकले, तेव्हा गहिनीनाथने त्यांच्या हातातून पाना ओढून घेतला.

"आता तूबी तेच करनार का? आधी चाकं लाव. खाली उतर तिला. चार पावलं म्होरं, चार पावलं मागं ढकल. बसू दे तिला आपल्या वजनावर. मंग आवळू."

त्यांनी तसंच केलं. गाडी चरावर आपल्या चाकांवर उभी राहिली तेव्हा गहिनीनाथ खाली उतरला आणि बोल्ट शेवटचे आवळले. रखमाजींनी बॉनेट दाबलं. शांत. पुन्हा दाबलं. आणि मग दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं, कारण अगदी बारीक, डासाच्या गुणगुणण्याएवढा एक आवाज अजून शिल्लक होता.

"मोठा वरडत हुता म्हनून ह्यो ऐकू यत नव्हता," गहिनीनाथ म्हणाला. तो मधल्या दांडीच्या रबरांचा निघाला. गाडी धुताना वॉशिंग सेंटरवर कुणीतरी खालून डिझेल मारलं होतं, रबर फुगून फाटलं होतं. प्रवीणने आणलेली रबरं तिथं लागली. उजवीकडचं बुशही त्यांनी बदलून टाकलं. संध्याकाळी रखमाजी गाडी घेऊन कोल्हारच्या दिशेने निघाले आणि मुद्दाम प्रत्येक खड्ड्यात गेले. टायरचा धप्प आवाज यायचा, एवढंच. गावात शिरायच्या आधी त्यांनी गाडी कडेला घेतली, काचा खाली केल्या आणि नुसते बसून राहिले. बराच वेळ.

*

वर्षश्राद्धाच्या दिवशी बनाबाईने निळी काठाची साडी नेसली. रखमाजींनी चौकडीचा शर्ट घातला, जो पांढरा नव्हता. बंगल्याच्या फाटकावर नवा पहारेकरी होता. त्याने गाडी पाहिली, स्टेअरिंगवरचा माणूस पाहिला आणि काठी मागच्या रस्त्याकडे रोखली. "ड्रायव्हर लोकांनी तिकडून. आचाऱ्याच्या मागं लावा."

"पावने कुठं लावत्यात?" रखमाजींनी विचारलं.

"पाहुण्यांच्या गाड्या समोर. तुमी मागं घ्या."

बनाबाई खिडकीतून बाहेर वाकली. "आवं दादा, आमी जेवायला आलोय. रांधायला न्हाई."

पहारेकऱ्याने आणखी काही म्हणायच्या आत रखमाजींनी गाडी पुढे घेतली. फाटकातच एक उंच स्पीडब्रेकर होता. गाडी त्यावरून चढली, उतरली. मांडवात बसलेल्यांपैकी कुणाचंही लक्ष गेलं नाही, कारण ऐकू येण्यासारखं काही नव्हतं. दोन उंच पांढऱ्या गाड्यांच्या मध्ये जागा होती, तिथं त्यांनी ती लावली, चावी खिशात टाकली आणि बनाबाईसाठी दार उघडायला वळले. ती आधीच उतरली होती.

श्रीमंत मांडवातून आला. त्याच्याबरोबर दोन पाहुणे होते, म्हणून तो हळू बोलला. "चावी दे. माझा माणूस चालवेल."

"चावी माज्याकडंच राहील."

"रखमाजी, आज तरी..."

"आज तर न्हाईच. फोटो आना. मागं डाव्या बाजूला ठिवा, त्यांच्या जागंवर. चालवनार मी. म्होरं ही बसनार."

श्रीमंत चावीसाठी हात पुढे करूनच उभा होता. पाहुण्यांतला एक मोबाइल काढून उगाच बघू लागला. तेवढ्यात रतनबाई आल्या. हळू चालत, एका हाताने सुनेचा खांदा धरून, दुसऱ्या हाताने फ्रेम छातीशी धरून. नवऱ्याच्या गाडीत त्या फार बसल्या नव्हत्या. ती कामाची गाडी, बायकांना दुसरी असायची. त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही.

"रखमाजी, मागचं दार उघड," त्या म्हणाल्या. "मी धरून बसते फोटो. हलायला नको."

त्या मागे बसल्या, आप्पासाहेब त्यांच्या मांडीवर. पुढे बनाबाई आणि रखमाजी. श्रीमंत क्षणभर दारापाशी थांबला. मागे एक जागा रिकामी होती. तो बसला नाही. इतर लोकांबरोबर पायी निघाला.

गाडी चालण्याच्या वेगाने गावातून गेली. स्टँडपाशी टपरीवरची माणसं चहा पीत होती. गाडी स्पीडब्रेकरवरून पार गेली तरी कुणी वर पाहिलं नाही. मग एकाला काचेतून फोटो दिसला आणि तो उठून उभा राहिला, हातात कप तसाच. बाकीचेही उठले. रखमाजींनी त्यांच्याकडे मुळीच पाहिलं नाही. समोर बघत ते पुलाकडे गेले.

पुलावर रतनबाईंनी काच खाली करायला सांगितली. खाली प्रवरेचं पाणी थोडंच होतं. त्या बराच वेळ पाहत होत्या.

"इतकी गप चालायची का ही?" त्यांनी विचारलं. "मला वाटायचं ते घरी येईस्तोवर गाडीत झोपतात कसे."

"रोज झोपायचे," रखमाजी म्हणाले. "बाभळेश्वर आलं की घोरायचे."

रतनबाई हसल्या आणि मग त्यांना रडू आलं. बनाबाईने मागे हात करून त्यांचा हात धरला. परतताना दोघींचे हात तसेच होते, सीटवरून, फ्रेमच्या वर.

जेवणाच्या पंगतीत ते दोघं मधोमध बसले. वाढणाऱ्याने एकदा श्रीमंतकडे पाहिलं, मग वाढलं. बनाबाईने आमटी दोनदा मागून घेतली. निघताना रखमाजींनी आप्पासाहेबांच्या फोटोला हात जोडले, चावी काढली आणि समोरच्या फाटकातूनच बाहेर पडले.

श्रीमंतला हे रुचलं नाही, आणि त्याने तसं दाखवायचंही सोडलं नाही. पुढे तो रस्त्यात भेटला तरी थांबायचा नाही. पण गाडी मागायला तो पुन्हा आला नाही, आणि कधी बोलावंच लागलं तर 'अहो पगारे' म्हणू लागला. त्यात राग होता की आणखी काही, हे रखमाजींनी ठरवत बसायचं नाही असं ठरवलं. "राग आसला तरी चालंल," ते म्हणतात. "आहो तर म्हनतो."

टपरीवाल्यांनी काही दिवस पिपाणी कुठं गेली म्हणून विचारलं, मग तेही थकले.

हिवाळ्यात एका बाजाराच्या दिवशी बनाबाईने गाडीपाशी येऊन हात पुढे केला. रखमाजींनी पिशवी दिली. तिला पिशवी नको होती.

"चावी द्या," ती म्हणाली. "दर बाजाराला बघती मी तुमचं पाय कसं हालत्यात ते. लई अवघड न्हाई."

दोघं वीटभट्टीच्या बंद पडलेल्या मोकळ्या आवारात शिकले. म्हणजे ती शिकली आणि ते डोळे मिटून घ्यायला शिकले. पहिल्याच आठवड्यात तिने डाव्या बाजूने विटांच्या ढिगाला घासून लांब पांढरी रेघ ओढली. रखमाजींनी ती रेघ बोटाने पुसून पाहिली, जात नाही म्हटल्यावर सोडून दिली. त्यांनी तिला कच्चं लायसन काढायला लावलं. आता कधी कधी ती बेलापूर रस्त्याला दुसऱ्या गिअरमध्ये, मधोमध, मान ताठ धरून गाडी नेते आणि रखमाजी शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसतात.

परवा मागून एक टेम्पो आला आणि हॉर्नवर हात ठेवूनच राहिला.

"बाजूला घे जरा," रखमाजी म्हणाले.

"कशाला?" बनाबाईने आरशात बघितलंसुद्धा नाही. "त्याला घाई आसंल तर त्यानं उसातनं जावं."